नानांची बढती

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी स्वतःचीच बाजू मांडत बसेन, सवयच आहे मला ती.

जळगावातल्या एका चटईच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. प्लॅस्टिकच्या रंगीत चटया, घरोघरी अंथरतात त्या. आमच्याकडचे सगळ्यात तरबेज कारागीर म्हणजे नाना. पन्नाशीचे, जवळच्या असोदा गावाहून मोटारसायकलवर येणारे. विणताना प्लॅस्टिकची पट्टी तुटायच्या आधीच लूमचा, म्हणजे मागाचा, आवाज बदललाय हे त्यांना कळायचं. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. सगळ्यांसमोर त्यांचं नाव जाहीर केलं, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले.

दोन दिवसांत असोद्याच्या चौकात फ्लेक्स लागला. गॉगल घातलेले नाना, 'सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांचे पंधरा-वीस चेहरे. आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, म्हणून मला नुसती गंमत वाटली. आता या माणसाला मागे फिरायची वाटच राहिली नाही, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

नानांना कुणाला बोलताच येईना. लूमवर हा साडूचा भाऊ, तो गावातला, तिसरा वयानं मोठा. कुणी उशिरा आला की तो येईपर्यंत नाना त्याचं लूम चालवायचे. कुणाचा माल बिघडला की "राहू दे, मी करतो" म्हणून स्वतःच बसायचे. संध्याकाळी रिपोर्टचा कागद कोरा आणि नाना घामानं ओलेचिंब. सगळ्यात चांगला कामगार उचलून साहेब केला की कामगारही जातो आणि साहेबही मिळत नाही, हे मी मॅनेजमेंट शिकताना परीक्षेत लिहिलं होतं. चांगले मार्क पडले होते.

महिन्याभरानं एक मोठी ऑर्डर लांबली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर खात्यात, सगळ्यांदेखत मी म्हणाले, "नाना, तुम्ही सुपरवायझर आहात की बदली कामगार?" माझ्या जिभेला हाड नाही. दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत, तिसऱ्याही नाही. फोन बंद.

चौथ्या दिवशी मी स्कूटरवर असोद्याला गेले. दारात त्यांची बायको गहू निवडत होती. मला पाहून गडबडीनं उठली. "मॅडम, तुम्ही? हे तं सकाळीच गेले ना कंपनीत. रोजच्या टाइमाले."

कंपनीच्या कामानं इकडून चालले होते, असं धडधडीत खोटं बोलून मी तिथून निघाले.

नाना सापडले ते परतीच्या रस्त्यावर, एका चहाच्या टपरीमागे. इस्त्रीचा शर्ट, शेजारी हेल्मेट. मला बघून उभे राहिले, शाळेत राहतात तसे. मला रडू यायला लागलं.

"मॅडम, दुसरीकडं काम पाहतो मी," ते म्हणाले. "गावाले काय सांगू? सुपरवायझर केलं आन् महिन्यात उतरवलं?" मग थांबून त्यांनी विचारलं, "माह्यं काय चुकलं?"

"तुमचं काहीच नाही. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं, नाना. नुसतं अभिनंदन केलं. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले तेही चुकलंच माझं."

मग मी म्हणाले की पद ठेवायचं तर मी शिकवीन, सोडायचं तर तुमचं लूम तुमचंच आहे, पण या वेळी तुम्ही सांगायचं. निघताना चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. खात्यात सगळे जमेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मले लूम येतं. लोकाइले बोलनं माह्याच्यानं होत नाही. मी लूमवरच बरा." कुणी हसलं नाही. साडूच्या भावानं मान खाली घातली. आपल्याला जे येत नाही ते असं चारचौघांत सांगायची छाती मला आजवर झालेली नाही. नव्या सुपरवायझरसाठी पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या अक्कांना मी आधी विचारलं. त्यांनी विचार करायला आठवडा मागून घेतला, आणि मी तो गप दिला.

पण माझा जीव नानांच्या घरात अडकला होता. दुपारी लूमपाशी जाऊन विचारलं, "घरी सांगितलंत?"

"काल रात्रीच सांगितलं," नाना पट्टीवरून नजर न काढता म्हणाले.

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हने, बरं झालं. महिना झाला, तुम्ही झोपेत लोकाइची माफी मांगू राह्यले व्हते."