बाबांच्या गिटारचा पिकअप

गेल्या शनिवारी सकाळी बाबांना घेऊन मी चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत शिरले. तीन आठवडे एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती… आणि ती आता सांगावीच लागणार होती.

बाबा इचलकरंजीचे. सूतगिरणीत क्लार्क होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलचा बार सरकवत वाजवायची ती… हल्ली तिला लॅप स्टील म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती अचानक मला देऊन टाकली. "ने चेन्नईला, इथं नुसती पडून राहते," एवढंच म्हणाले.

मी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. शनिवार-रविवारी वाजवते… बेताचंच वाजवते. मध्यंतरी गिटारचा आवाज एकदम बारीक झाला आणि मग बंदच पडला. केबल बदलली, दुसऱ्या अँप्लिफायरला लावून बघितली, काही उपयोग नाही.

ऑफिसमधल्या एकाने श्रीनिवासरावांचं नाव सांगितलं. तिरुवल्लिकेणीत एका जुन्या मॅन्शनच्या, म्हणजे नोकरदार पुरुषांच्या लॉजच्या, तळमजल्यावर त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तमिळनाडूतच. त्यांच्या मराठीतले निम्मे शब्द आपल्या पणजोबांच्या काळातले, निम्मे तमिळ… आणि चाल पूर्ण तमिळ.

तारांच्या खाली जो पिकअप असतो, त्यात लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. गिटारचा आवाज तिथून अँपकडे जातो. श्रीनिवासरावांनी झाकण उघडलं तर ती तार आतून गंजलेली. सोडवायला गेले, आणि तुकडे हातात आले.

मला रडूच यायला लागलं. बाबांचा इतक्या वर्षांचा टोन होता तो…

"रडूं नका. नवी तार गुंडाळूं," श्रीनिवासराव म्हणाले.

"आवाज तसाच येईल?"

"तसाच म्हणून नाही सांगवत. जवळ येईल."

माणूस खोटं बोलला नाही, हे मला नंतर फार मोलाचं वाटलं. त्यांनी जुना पिकअप नव्याने गुंडाळला आणि स्वतःकडचे आणखी दोन काढले. तिन्ही आळीपाळीने बसवले, आणि मी प्रत्येकावर तीच धून वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड केली.

मग रोज ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन लावून तेच ऐकत बसायचे. जुन्याला आता एक खरखरीत धार आली होती. दुसरा नवा सिंगल कॉइल, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेला, आवाज काचेसारखा लख्ख… पण मागे फ्रिजसारखी घूं चालूच. तिसरा हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा. त्यात घूं नाही, आवाज जाड आणि गोल, पण वरचे सूर घोंगडी पांघरल्यासारखे दबलेले. बाबांचा टोन एकातही नव्हता. आणि बाबा फोनवर विचारायचे, गिटार बरी आहे ना? मी म्हणायचे, हो.

तेवढ्यात ते आठ दिवस राहायला आले.

दुकानाच्या पायरीवर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांनी कानातलं ऐकायचं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, "परत सांग." तेच सगळं पुन्हा सांगणं फार जड गेलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, तो पिकअप मूळचा कुठं होता? मूळचा तुझ्या जन्माआधीच गेला. हा मी मिरजेत एका मोडक्या गिटारचा काढून लावलेला."

मी त्या पायरीवरच बसले. तीन आठवड्यांचं ओझं एका वाक्यात उतरलं…

श्रीनिवासरावांनी गिटार पुढे केली, तर बाबा हात मागे घेऊ लागले. मला वाटलं, संकोच असेल. "नको," ते म्हणाले. "बार सुरावर आहे का नाही, तेच कळत नाही मला आता. म्हणून तर हिला दिली."

दोन वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

"एकदां बसून तरी बघा अप्पा," श्रीनिवासराव म्हणाले. स्वतः बाबांच्याच वयाचे असून त्यांनी त्यांना अप्पा, म्हणजे तमिळमध्ये वडील, म्हटलं, आणि बाबा बसले.

सिंगल कॉइलची घूं यंत्रातून थेट कानात शिरली, बाबांनी तोंड वाकडं केलं. नव्याने गुंडाळलेल्यावर थोडं वाजवलं, नाही म्हणून मान हलवली. मग श्रीनिवासरावांनी तारा सैल केल्या, हमबकर जोडला, पुन्हा सूर लावले. या सगळ्यात अर्धा तास गेला.

बाबांनी एक जाड तार छेडली, बार सरकवला, थांबले. बार जरा मागे घेतला… बरोबर सुरावर आणून ठेवला.

"हा ऐकू येतोय," ते म्हणाले.

मग ते वाजवत राहिले. हात अडखळत होता, पण चुकलेला सूर त्यांचा त्यांनाच कळत होता. श्रीनिवासराव हातातलं काम ठेवून, डोळे मिटून ऐकत होते. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते.

मी तीन आठवडे टोन जपायच्या काळजीत होते… आणि वाजवणारा माणूस गप्प झालाय, याकडे माझं लक्षच नव्हतं. मला दबका वाटलेला तो जाड, घूं नसलेला आवाज बाबांच्या कानांना नेमका हवा होता. हे एकटीने हेडफोन लावून मला कधीच कळलं नसतं.

काल बाबा इचलकरंजीला गेले, गिटार घेऊन. आज सकाळी आईचा फोन आला… हे उठल्यापासून वाजवत बसलेत, चहा दोनदा गार झाला म्हणाली. तक्रारीचाच सूर होता, पण फोन मात्र तिने बराच वेळ त्यांच्या खोलीच्या दारात धरून ठेवला होता.