लात्वियातली आमची भावकी

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मोरे होते आणि दुपारच्या पंगतीपर्यंत कोंबडे झाले. पक्षी तेवढा बदलला, त्यात काय एवढं, असं माझ्या वडलांचं म्हणणं. पण मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. फळ्यासमोर कोंबडे मॅडम उभ्या राहिल्या तर वर्गातून कोणता आवाज येईल, हे सांगायला नको. म्हणून शाळेत मी मोरे मॅडमच राहिले.

सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मात्र या आडनावाचा कोण अभिमान! लिंबागणेशच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेचे ते चेअरमन. निवडणुकीच्या सभेत विरोधक मागून आरवायचे. अण्णा थांबायचे, आरवणं संपू द्यायचे आणि म्हणायचे, "झालं का? आता दुधाचं बोलू." दुष्काळात आसपासच्या संस्थांना कुलपं लागली; अण्णांनी गावची जनावरं चारा छावणीत जगवली आणि दूध संकलन एक दिवस बंद पडू दिलं नाही. ते बघायला लात्वियाच्या दूध संस्थेतलं एक शेतकरी जोडपं येणार, असं पत्र आलं.

"लात्विया म्हंजे लातूरच्या पल्याड का?" सासूबाईंनी विचारलं.

"लई पल्याड," अण्णा म्हणाले.

दुभाषी अर्थातच मी. अण्णांनी मला बाजूला घेतलं. "सुनबाई, माइकवर माझं नाव आडनावासकट घे. आजवर लोकांनी हसायसाठीच घेतलंय. एकदा कुनीतरी मानानं घ्यावं."

मी हो म्हणाले. (हो म्हणायला काय जातं!)

मग सासूबाईंनी पाहुण्यांची नावं वाचायला सांगितली. पत्रात श्री. गाइलिस आणि सौ. गाइले असं होतं.

"आडनावं येगळी कावून? ह्ये नवराबायको न्हाईत."

"तिकडं लग्नाशिवायही राहतात, आत्याबाई," मी जाणकार चेहऱ्यानं सांगितलं. पत्रातला 'सौ.' माझ्या ज्ञानाच्या आड आला नाही.

"तिकडं ऱ्हात आसतील. माझ्या घरात न्हाई."

झालं. गाइलिससाहेबांची गादी संस्थेच्या ऑफिसात दुधाच्या कॅनशेजारी पडली आणि गाइलेबाईंची सासूबाईंच्या उशाला. दोघं दोन दिवस चारा छावणीत गव्हाणीच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांकडे बघत होती. साहेबांनी मला हळूच विचारलं, "ही तुमच्याकडची रीत आहे का?"

"हो, फार जुनी," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संस्थेच्या अंगणात सभा भरली. सगळं गाव हजर. मी माइक हातात घेतला. "आपले चेअरमन अण्णासाहेब..." आणि समोर अंगणाच्या भिंतीवर बसलेली माझ्या दहावीच्या वर्गातली पोरं दिसली. सगळ्यांनी आरवायला तोंडं उघडून ठेवलेली! माझी जीभ वळेना. "...पाहुण्यांचं स्वागत करतात," मी उरकून टाकलं.

खांद्यावरचा टॉवेल अण्णांनी नीट केला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गाइलिससाहेब उठले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, "चेअरमनचं आडनाव काय? त्याचा अर्थ काय?"

"कोंबडे," मी माइक लांब धरून पुटपुटले. अर्थ जरा सजवावा म्हटलं. "म्हणजे... सूर्याला जागा करणारा."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी माइक ओढून घेतला आणि ते खणखणीत आरवले! भिंतीवरची पोरं तोंड मिटायचं विसरली.

मग ते बोलत गेले आणि मी मराठीत सांगत गेले. त्यांच्या भाषेत गाइलिस म्हणजे कोंबडा. तिथले शेतकरी जमीनदाराच्या बंधनातून सुटले तेव्हा त्यांना आडनावं घ्यायला सांगितलं. कुणी झाडाचं घेतलं, कुणी टेकडीचं, कुणी लांडग्याचं. यांच्या पूर्वजानं कोंबड्याचं घेतलं, कारण अंगणात स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

अण्णा उठले. "म्हंजे भावकीच की आपली," म्हणाले आणि त्यांनी साहेबांना मिठी मारली.

"मग बाईचं गाइले कावून?" सासूबाई मुद्दा सोडायला तयार नव्हत्या.

पाहुणीनं हसत सांगितलं, "आमच्यात बाईच्या आडनावाला बाईचं रूप येतं. नवरा गाइलिस, बायको गाइले. तीस वर्षांचा संसार आहे आमचा."

सासूबाई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "आन् तू त्यान्ला दोन दिस येगळं ठिवलंस?"

उत्तर देण्यापेक्षा माइक बरा, म्हणून मी तो पुन्हा घेतला आणि या वेळी भिंतीकडे बघूनच म्हणाले, "आपले चेअरमन, अण्णासाहेब कोंबडे!" कुणी आरवलं नाही. पोरांनीच आधी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी टॉवेलानं डोळे पुसले आणि मला त्या आडनावाचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

त्या अभिमानानंच घात केला. पाहुण्यांनी संस्थेच्या शेरेबुकात सह्या केल्या, खाली दुभाषी म्हणून माझी होती. जन्मात पहिल्यांदा मी सासरचं आडनाव लिहिलं, आणि तेही भरल्या डोळ्यांनी, पाहुणीच्या व्याकरणाप्रमाणे: सौ. सुनंदा कोंबडी.

सहकारी संस्थेच्या दप्तरात खाडाखोड चालत नाही. दरसाल तपासणीला सरकारी साहेब आले की अण्णा ते पान स्वतः उघडतात, सहीवर बोट ठेवतात आणि छाती काढून सांगतात, "आमची सून. इंग्रजी शिकवती."