राजनने नेला

तुम्ही कधी कोणाच्या ‘पानी’ला हसला आहात का? खरं सांगा.

आमच्या घरात या प्रश्नाला वजन आहे. बाबा पुण्यात शाळेत असताना ‘पानी’ म्हणाले म्हणून अख्खा वर्ग हसला होता, आणि मास्तरही त्यात होते. पुढे बाबा इंग्लंडात मेडनहेडला आले, आयटीत नोकरी केली, मी इथेच जन्मले. या मुलीच्या तोंडातला ‘न’ कोणी दुरुस्त करायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला ण लिहिता येतो, कारण मी मराठी शिकले ती बाबांच्या खोक्यांतली चळवळीची पत्रकं वाचून. बोलताना मात्र येत नाही. कोन, बान, पानी... जीभ तिथवर जातच नाही. मला त्याची लाज वाटत नाही. आधीच सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट या एका अक्षराची आहे.

आणि हेही सांगते, की मी भूतखेत, आत्मा, संकेत यातलं काहीही मानत नाही. आठ वर्षांची असताना विहाराबाहेर उभी राहून बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. कोणी ‘मला अनुभव आला’ म्हणालं की मी पहिल्यांदा विचारते, झोप किती झाली होती? म्हणून मंडळी, तुम्हीही मला विचारा. झोप पूर्ण झाली होती. गुरुवार होता, फेब्रुवारीतला. सकाळचे सव्वा अकरा.

लंडनमध्ये हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटला लागून एका गल्लीत आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. दोन टेबलं, एक किटली, आणि दर दोन मिनिटांनी डोक्यावरून जाणारं विमान. वेबसाइटचा मजकूर मी लिहिते. तेव्हा काम होतं मॉरिशसचं — बीच आणि हॉटेलं सोडून, फारशा कोणाला माहीत नसलेल्या निसर्गाच्या दहा जागा. नऊ झाल्या होत्या. फर्नीचं खोरं, जिथे बेटावरचं जुनं जंगल अजून शिल्लक आहे. ब्रा दोचं जंगल. दक्षिणेला पाँ नातुरेल, समुद्राने काळा कातळ पोखरून केलेला पूल, ज्याच्याखालून लाट शिरली की पाय ठेवलेला दगड हलल्यासारखा वाटतो. यातलं बरंचसं मला सकाराम काकांनी सांगितलं होतं.

काका मॉरिशसचे मराठी. पणजोबा कोकणातून ऊस तोडायला नेले गेले. बोटीवरच्या कारकुनाने सखाराम हे नाव चुकीचं लिहिलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं. काका विशीत इंग्लंडला नर्सिंग शिकायला आले, चाळीस वर्षं हॉस्पिटलात काम करून रिटायर झाले. आता डोळे जात चालले होते. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त कडा दिसतात, म्हणायचे. दर गुरुवारी डोळ्यांच्या क्लिनिकमधून परत जाताना आमच्याकडे चहाला थांबायचे.

तिकीट काढायला पहिल्यांदा आले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं. “मला बीच नको, बाय. राजनने माझ्या भावाला कुठं नेला, ती जागा बघायचीय. डोळे हायत तोवर.”

भाऊ म्हणजे दामू. काका पाच वर्षांचे, दामू नऊचा. एके दिवशी तो घरी आला नाही. शोधाशोध झाली, काही सापडलं नाही. आई दारात बसून एकच वाक्य म्हणायची — राजनने नेला त्याला. वर्षभरात आईही गेली. गावात राजन नावाचा एक तमिळ दुकानदार होता. दामू त्याच्याकडे मीठ-तेल आणायला जायचा. काका सहा वर्षांचे होते, कोणी विचारलं की आईचं वाक्य म्हणून दाखवायचे. मेलेल्या आईचं वाक्य, लहान पोराच्या तोंडून. गावाने राजनकडे जाणं बंद केलं. दोन-तीन वर्षांत दुकान बंद झालं, तो बायकामुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेला. काका हे सांगताना ताठ बसायचे. “पोलिसांनी काय नाय केलं. मी केलं.”

मी तेव्हा गप्प राहिले, हे कबूल करते. बहिष्कार म्हणजे काय हे मी शाळेच्या पुस्तकांआधी पत्रकांत वाचलेलं. तरी बोलले नाही. म्हातारा माणूस, गेलेला भाऊ... म्हटलं, असेल राजन तसा.

आधीच्या गुरुवारी मी काकांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या आणि घरी बसून टाइप केल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून या गुरुवारी मी त्या वाचून दाखवत होते. काही चुकलं असेल तर तेही हवं, म्हणून वाचनही रेकॉर्डला लावलेलं. मालक बाहेर गेले होते. ऑफिसात आम्ही दोघंच.

मी वाचत गेले. जांभळाची झाडं, उसाची गाडीवाट, नदीचा आवाज. मग ते वाक्य आलं. ते वाचलं आणि पुढे गेले. काकांनी कप खाली ठेवला.

“परत म्हण.”

म्हटलं.

“परत.”

तिसऱ्यांदा म्हटलं. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं बरं नाहीये, पाणी आणायला उठले. त्यांनी मनगट धरलं. “हे असं कोणी शिकवलं तुला? माझी आई असंच म्हणायची. अगदी असंच.”

मला कळेना. मी कागदावरचंच वाचलं होतं, आणि कागदावर ‘राजनने’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवटी रेकॉर्डिंग लावलं.

आवाज माझाच. माझी घाई, माझा मेडनहेडचा हेल. पण तिन्ही वेळा ऐकू येत होतं — रांजणाने नेला त्याला. ज च्या आधी अनुस्वार, आणि शेवटी ण. टाळूला जीभ लावून काढलेला, ठसठशीत. मला आयुष्यात कधीही न जमलेला.

मी लगेच पुन्हा म्हणून पाहिलं. “रांजन.” परत. “रांजन.” जीभ नेहमीच्याच जागी.

रांजण म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं. काकांनाही नाही. मी बाबांना फोन लावला, स्पीकरवर. ते कामात होते, वैतागलेच. “हे विचारायला ऑफिसातून फोन? रांजन म्हनजे पानी भरायचा मातीचा मोठा घडा. माठाचा थोरला भाऊ समज.” मी म्हटलं, बाबा, तो माणसाला कसा नेईल? ते म्हणाले, “नदीतला असेल तर नेईल. पानी गरगर फिरून कातळात खोल गोल खड्डे पडतात, त्यांनाही रांजनच म्हनतात. वरून एवढंसं तोंड, आत मानूस बुडेल एवढं पानी. आमच्याकडे म्हनतातच, डोहाने नेला, रांजनाने नेला.”

फोन ठेवला. विमान गेलं. काका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

“म्हणजे माणूस नव्हता,” ते म्हणाले. “मग राजनचं काय?”

तुम्ही म्हणाल, लहानपणी कधीतरी तो शब्द कानावर पडला असेल. मीही तेच म्हटलं. बाबांच्या आठवणीत हा शब्द आमच्या घरात कधी आला नव्हता. पत्रकांची सगळी खोकी मी उपसली, रांजण कुठेही नाही. समजा असता, तरी उच्चाराचं काय? ण म्हणजे शुद्ध आणि न म्हणजे अशुद्ध, असं मी सांगत नाहीये, कोणी तसा अर्थ काढला तर भांडायला येईन. माझं म्हणणं एवढंच, की जे माझ्या जिभेला येत नाही ते तीनदा आलं, आणि पुन्हा आलं नाही. काका म्हणतात, आई होती. मी त्यांना तोंडावर सांगितलं, काका, मी हे मानत नाही. ते म्हणाले, “नको मानू. तिकीट काढ.”

एप्रिलमध्ये ते मुलीबरोबर गेले. तिथून फोन आला, मागे पाण्याचा आवाज. गावाच्या वर, उसाच्या शेतांपलीकडे नदी काळ्या कातळावरून जाते. तिथे रांजण आहेत. चार मोठे, बाकी लहान. कडेला गवत कापणाऱ्या बाईला विचारलं तर तिने तिथल्या क्रिओल भाषेत नाव सांगितलं — मार्मित. म्हणजे पातेली. दामूचं तिथे काही सापडलं नाही, इतक्या वर्षांनी काय सापडणार. पण काकांना कडा दिसतात, आणि त्या खड्ड्याला गोल कडाच होती. ती दिसली, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावात पत्ता विचारून ते राजनच्या मुलीकडे गेले. राजन कधीच वारले होते. मुलगी सत्तरीची. काकांनी दारात उभं राहून सगळं सांगितलं, सहा वर्षांच्या पोराच्या त्या एका वाक्यासकट. तिने खुर्ची दिली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि काकांनीही माफी मागितली नाही. ती एवढंच म्हणाली, की लोक यायचे का थांबले ते पप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणायचे, माझ्या मापात कुठं खोट होती का गं?

काकांनी परत आल्यावर मला सांगितलं, दहावी जागा तीच घाल. “नावासकट. पोरांनी जवळ जाऊ नये असंही लिही.” मी घातली. मालकांना नाव इंग्रजी अक्षरांत हवं होतं. मी लिहून दाखवलं, Ranjan. मग विचारलं, हे वाचून काय वाटतं? म्हणाले, कोणीतरी माणूस. मग ते देवनागरीतच राहिलं.

माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. रेकॉर्डिंग आहे, हवं त्याने ऐकावं, तपासावं, मला खोटं ठरवावं... मला आनंदच होईल.

पण त्याआधी एक काम करा. तुमच्या घराने, भावकीने, गावाने एखाद्याशी बोलणं टाकलं असेल, तर त्याच्याबद्दलचं ते पहिलं वाक्य कोणाच्या तोंडून आलं, ते विचारा. ऐकणारा किती वर्षांचा होता, तेही विचारा. आणि उत्तर डळमळलं, तर मेसेज पाठवू नका. त्याच्या दारात जा. या आठवड्यात जा — तो माणूस अजून उत्तर द्यायला आहे तोवर.