निळ्या झाडाची भुरी

वाशीमच्या एका साहेबाच्या बंगल्यात आमच्या घरचे, माझ्या लेकराचे बाप, माळी होते. बंगल्यामागची एक टिनाची खोली आमाले राहाले होती. काम गेलं तं खोली गेली, हे मले रोज आठवे. त्यायले कधीच नाही.

साहेबानं विलायतेहून पेटीत घालून एक झाड आणलं. कमरेएवढं, सुयांवानी टोचऱ्या पानांचं. ब्लू स्प्रूस म्हणे. आमी निळं झाड म्हणो. थंडीतलं ते झाड, आणून लावलं आमच्या काळ्या मातीत! घरच्यांनी मोठा गड्डा खोदून त्यात मुरूम घातला, मुळाशी पाणी तुंबू नये म्हणून. उन्हाळ्यात झाडाभोवती वाळ्याच्या ताट्या बांधल्या, त्यायच्यावर दुपारभर पाणी शिंपडलं. अन् इकडं माझं लेकरू घामोळ्यानं रडून राह्यलं! मी म्हटलं, "एक ताटी आपल्या दाराले लावा ना." तं म्हणे, "साहेबानं पाह्यलं तं?" आग लागो तुमच्या झाडाले, असं मी तोंडावर म्हटलं.

मंग साहेब दौऱ्यावर निघाला. जाताना म्हणे, "माली, पेड एकदम साफ रखना." त्याच्या मनात बुडाजवळचं गवत होतं. आमच्या घरच्यांनी पाह्यलं तं पानांवर निळसर पांढरी भुकटी. कोहळ्याच्या वेलावर तसं दिसलं की आमी भुरी म्हणतो, रोग म्हणतो. साहेबाले हेच साफ पाह्यजे, असं त्यायले वाटलं. माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी ओली करून एकएक फांदी पुसत बसले. बोटं रक्ताळली. झाड हिरवं झालं तसं मले हाक मारली, "पाह्य, कसं निरोगी दिसून राह्यलं!"

अन् ती भुकटीच त्या झाडाचा निळा रंग होता! साहेब आला, आभाळ डोक्यावर घेतलं, अन् त्याच दिवशी आमाले खोलीबाहेर काढलं. अरे साहेबा, तुले तोंड नव्हतं का? आधी सांगाले काय झालं होतं? लेकरू कडेवर, भांडी टोपल्यात, अन् म्या गल्लीभर त्याच्या नावानं बोटं मोडली.

पुढच्या साली झाडाले नवे कोंब आले, आपोआप निळे. बंगल्याच्या खानसाम्यानं सांगतलं. घरचे हरखले, डोक्याले फेटा गुंडाळून काम मागाले गेले. लवकरच परतले.

"काय म्हणे साहेब?"

"म्हणे, देखा? तू गया तो पेड अच्छा हो गया."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"काय म्हणू? सलाम केला."

त्या सलामाचा राग मले अजून येते.