एकेचाळीस सर्व्हरांची यादी

आमच्या ऑफिसात काकांची एक एक्सेल शीट होती. तिच्यात बघितल्याशिवाय कोणी कुठल्याही सर्व्हरला हात लावत नसे. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या विजय नगरमध्ये एका मिठाईच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, आम्ही पाच जण आणि मालक. शहरातल्या दुकानांच्या, क्लासेसच्या, शाळांच्या वेबसाइट आम्ही सांभाळायचो. सर्व्हर आमचे नव्हते, एका होस्टिंग कंपनीकडून भाड्याने घेतलेले होते. एकेचाळीस होते. कोणत्या सर्व्हरवर कोणत्या गिऱ्हाइकाचं काय चालतं ते काका त्या शीटमध्ये हाताने लिहून ठेवत. रोजचा बॅकअप, अपडेट, सगळं त्या यादीवरून चालायचं.

काका चौपन्न वर्षांचे, मूळचे वर्ध्याकडचे. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. त्यामुळे ते माझ्याशी मराठीत बोलायचे, आणि सगळ्यांसमोर माझी परीक्षाही घ्यायचे.

"काय गं, एकोणऐंशी म्हणजे किती?"

माझे बाबा इथल्याच फॅक्टरीतून निवृत्त झालेले. घरी आम्ही मराठी बोलतो, पण आकडे इंग्रजीत नाहीतर हिंदीत. मी म्हणाले, "एटी नाइन?"

"घ्या! कॉन्व्हेंटची मेमसाहेब! पुण्यात सासर मिळालं ना, तर भाजीवाला लुटून घेईल हिला."

ज्यांना मराठी येत नव्हतं तेही हसले. मीही हसले. मला हसता येतं, पण विसरता येत नाही.

फेब्रुवारीत मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तू ऑटोमेशन सीखी है ना? काका की शीट बंद कर. लिस्ट सीधे होस्टिंग कंपनी से उठा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लिस्ट अपने आप बनने लगी, तो काका का क्या करना है, वो फिर देखेंगे."

काकांची नोकरी आता माझ्या कामावर लटकली आहे हे मला तिथेच कळलं. या वयात, या शहरात त्यांना दुसरीकडे कोणी घेणार नव्हतं. मी "जी सर" म्हणाले आणि बाहेर येऊन कामाला लागले.

काम अवघड नव्हतं. होस्टिंग कंपनीच्या खात्यातून एक टोकन, म्हणजे एक लांबलचक किल्ली, घ्यायची. एका छोट्या फाइलमध्ये लिहायचं, की या खात्यातले सगळे सर्व्हर विचारून घे आणि त्यांचे गट पाड. मग कोणतीही आज्ञा देताना यादी त्याच क्षणी थेट कंपनीकडून येते. सर्व्हर नवीन घेतला तर तो यादीत येतो, सोडून दिला तर गळतो. हाताने लिहायचं काही राहत नाही. याला डायनॅमिक इन्व्हेंटरी म्हणतात.

गट मी नावावरून पाडले. ज्यांच्या नावाची सुरुवात 'डेमो' ने होते ते एका गटात, बाकीचे सगळे 'खरे'. खऱ्यांचा रोज बॅकअप. डेमोंचा बॅकअप नाही, ते नव्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवण्यापुरते. आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते आपोआप पुसून कोरे होणार होते. फाइल बावीस ओळींची झाली. मला ती फार आवडत होती.

काकांनी मला सगळं शिकवलं. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि एकेक सर्व्हर सांगत गेले. ज्या यादीमुळे ते घरी जाणार होते ती बनवायला ते मदत करून राहिले होते, आणि त्यांना ते माहीत असावं. चहाचा ग्लास हातात धरून ते म्हणाले, "हे बघ, डेमो-चार नावालाच डेमो आहे. गोहलपुरच्या स्टुडिओवाल्याला दाखवायला बनवला होता. त्याला आवडला अन् त्याने त्यावरच काम सुरू केलं. आपण कधी हलवलाच नाही. लग्नांचे फोटो आहेत त्याच्यात. त्याला वेगळं लेबल लाव."

आमच्याकडे असंच चालायचं. तात्पुरतं केलेलं काम गिऱ्हाइकाला पसंत पडलं की तेच कायमचं.

"लावते, काका."

"लिहून ठेव."

मी लिहिलं नाही. लेबल लावायचं तर फाइलमध्ये एक जादा अट घालावी लागली असती, फक्त एका सर्व्हरसाठी. ती ओळ मला कुरूप वाटत होती. नंतर मला ती दोनदा आठवली. एकदा स्कूटीवर, एकदा जेवताना. दोन्ही वेळा मनात आलं की असू दे, त्यांनाच कळेल नीट बघितल्यावर. सुरू करण्याआधी ती यादी त्यांनी तपासायची होती. मी त्यांना गट उघडून दाखवले नाहीत, फक्त एकूण आकडा दाखवला.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "माझ्याकडे पण एकेचाळीस. चलो, बरोबर आहे." आणि मालकांना ग्रुपवर लिहिलं: चेक किया, ओके.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी स्टुडिओवाला आला. हेल्मेट हातातच होतं. तीन आठवड्यांपासून डेमो-चारचा बॅकअप बंद होता, आणि आदल्या दिवशी तो पुसला गेला होता. त्या तीन आठवड्यांतली अकरा लग्नं गेली. कॅमेऱ्याची कार्डं त्याने पुढच्या लग्नांसाठी पुन्हा वापरली होती.

तो ओरडला नाही. काकांच्या टेबलाजवळ उभा राहून म्हणाला, "भैया, फेरे दोबारा तो नहीं होंगे ना. एक घर में दादाजी भी नहीं रहे अब. वो लोग बस उन्हीं की फोटो माँग रहे हैं."

काका उठून उभे राहिले. त्यांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली.

तो गेल्यावर मालकांनी आम्हा दोघांना आत घेतलं. दार उघडंच ठेवलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"चेक किसने किया था?"

"मी," काका म्हणाले. मग हिंदीत, "मैंने किया था, सर. पर मैंने इसको बोला था. डेमो-चार असली है, लेबल लगाना. चाय पीते हुए बोला था."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "बोला था?"

काकाही माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. मी हो म्हणेन याची त्यांना इतकी खात्री होती, की ते मालकांकडे वळायलाही लागले होते.

"मुझे याद नहीं, सर," मी म्हणाले.

मी लाजाळू आहे, कमी बोलते, म्हणून लोकांना मी खरी वाटते. मालकांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. "काका, इतनी बड़ी बात चाय पे बोलते हैं क्या? लिख के देते." लिहून ठेव असं त्यांनी मला सांगितलं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस ठरला.

त्या चार दिवसांत त्यांनी मला आकडे विचारले नाहीत. शुक्रवारी दुपारी मात्र खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, आता बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, तेच.

"अजून सहा आहेत," ते म्हणाले. "डेमो-चारसारखे. नावात डेमो नाही म्हणून वाचले, पण नाव एक, काम दुसरं. लिही."

मी लिहून घेतले. ते सावकाश सांगत होते, प्रत्येक नावानंतर माझा पेन थांबायची वाट बघत. सगळं झाल्यावर म्हणाले, "वाचून दाखव." मी वाचून दाखवलं.

"काका..." मी म्हणाले.

"तुला आठवत नाही ना?"

आम्ही दोघंच होतो. मालक खाली मिठाईच्या दुकानात गेले होते. खरं सांगून आता कोणाचंच काही बिघडणार नव्हतं, किंवा माझंच बिघडलं असतं, थोडं.

"नाही, काका."

"अच्छा," ते म्हणाले.

तेवढ्यात मालकांचा मेसेज आला. काकांचा प्रवेश सगळ्या सर्व्हरांवरून काढ, आत्ता, ते बसलेत तोवर, म्हणजे काही अडलं तर विचारता येईल. पूर्वी कोणी नोकरी सोडली की काका शीट उघडून एकेका सर्व्हरवर जात आणि त्याचं खातं पुसत. पूर्ण दिवस लागायचा. आता एकच आज्ञा होती. यादी आपोआप आली आणि पडद्यावर हिरव्या ओळी एकाखाली एक पडत गेल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक सर्व्हर, ज्यावर काका आता नव्हते. मिनिटसुद्धा लागलं नाही. काका चष्मा कपाळावर सरकवून ओळी वाचत होते, ओठ हलवत. त्या ओळी ते मोजून राहिले होते.

शेवटी एक लाल ओळ आली.

"एक राहिला बघ," ते म्हणाले. "तो शाळेचा आहे. शाळा सुटली की बंद होतो. उद्या सव्वानऊला चालू होईल, तेव्हा परत चालव."

त्यांनी डबा पिशवीत टाकला, ग्लास धुऊन पालथा घातला आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी नऊलाच येऊन बसले. सव्वानऊला तो सर्व्हर चालू झाला. मी आज्ञा पुन्हा चालवली, ओळ हिरवी झाल्याचं बघितलं आणि मग चहा मागवला.