कमलताईंना खाली जायचं होतं

कोटाच्या खिशात हात घातला की अजून एखादा मास्क हाती लागतो. चुरगळलेला, एक दोरी तुटलेला. तो कधी ठेवला आठवत नाही, पण फेकवत नाही. त्या दोन-अडीच वर्षांतले किस्सेही असेच साठले आहेत. कोणी मुद्दाम जमवले नाहीत. एक काढायला जावं तर त्याच्या दोरीत अडकून दुसरा बाहेर येतो.

यातले बरेचसे हसण्याचे आहेत, असं मिलिंदचं म्हणणं. मला तेवढं ठामपणे म्हणता येत नाही. सांगून बघतो.

* * *

आम्ही बेस्टला राहतो. नेदरलँड्समधलं, आइंडहोवनला चिकटलेलं गाव. इथे आमचा दर शनिवारी जमणारा एक छोटा मराठी गट आहे. मी निवृत्त प्राध्यापक. जमिनीखालच्या पाण्यावर डॉक्टरेट केली आणि जिथे पाणी अडवून जमीन केली आहे अशा देशात आयुष्य काढलं, त्यामुळे झोप आधीपासूनच कमी. मिलिंद पुण्याचा, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर, गटातला सगळ्यात तरुण, म्हणजे पंचेचाळिशीचा. मनोहरराव पोहरकर आणि त्यांच्या पत्नी कमलताई चंद्रपूरकडचे. मनोहररावांनी तीस वर्षं कोळशाच्या खाणीत इंजिनिअर म्हणून काढली. मुलाने बरीच खटपट करून दोघांना कायमचं इकडे आणलं. आणि हार्लेमहून रेल्वेने येणारा माझा जुना मित्र जयंत.

महामारीच्या आधीच्या संक्रांतीला सगळे माझ्याकडे होते. जयंत तरुणपणी वेल्समध्ये शिकलेला. तिथल्या खोऱ्यांबद्दल सांगत होता. खाणी बंद पडल्या, कोळशाच्या ढिगाऱ्यांवर गवत आलं, आता लोक तिथे डोंगर चढायला जातात. एका खाणीचं संग्रहालय केलंय, डोक्याला दिवा लावून खरोखर जमिनीखाली नेतात. "लोक रांग लावतात आत जायला."

मनोहरराव तिळाची वडी चघळत होते. म्हणाले, "आमच्याकडे रांग बाहेर यायला लागायची."

"आणि बायकांना नेतात का हो खाली?" कमलताईंनी विचारलं.

"सगळ्यांना नेतात, वहिनी."

कमलताई वाटी खाली ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "तीस वर्षं मी यांचा डबा भरला. शिफ्ट संपवून हे वर आल्याशिवाय घास नाही घेतला. आमच्याकडे बायकांना खाली जायला कायद्यानेच बंदी. म्हणून विचारायची, खाली काय असतं हो? रोज एकच उत्तर. 'काही विशेष नाही. नुसता अंधार.'"

"अंधारच असतो, तर काय सांगू?" मनोहरराव म्हणाले.

"तीस वर्षं कोणी नुसत्या अंधारात जातं का, बाप्पा? मला एकदा खाली जायचंय. डोळ्याने बघायचंय."

मे महिन्यात जायचं ठरलं. मिलिंदने तिथल्या तिथे फोनवर बोट बुक केली. मार्चमध्ये सगळं बंद झालं.

* * *

बोट रद्द झाली तरी मिलिंदने सराव रद्द केला नाही. वेल्सच्या डोंगरांसाठी पाय तयार हवेत, हा त्याचा मुद्दा. आता बेस्टमध्ये चढ कुठून आणायचा? सगळीकडे पोळपाटासारखी जमीन. शेवटी त्याने हायवेवरचा सायकलींचा पूल शोधला. तोच आमचा डोंगर. दर शनिवारी आम्ही दीड-दीड मीटर अंतर राखून तो चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. मी सगळ्यात मागे, समोरून येणारा सायकलवाला किती जोरात श्वास सोडतोय याचा अंदाज घेत.

एकदा नगरपालिकेच्या गणवेशातला माणूस येऊन उभा राहिला. एवढे जण एकत्र काय करताय? मी घाबरून कागदपत्रं शोधायला लागलो. कमलताई नुकत्याच डच शिकायला लागल्या होत्या. त्या सरळ पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आम्ही वेल्सला चाललोय."

त्याने त्यांच्या साडीकडे पाहिलं, खालच्या बुटांकडे पाहिलं, मग पुलाच्या पलीकडे पाहिलं.

"बाई," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "तिकडे टिलबर्ग शहर आहे."

दंड झाला नाही. पण मी पुढचे दोन शनिवार गेलो नाही. माझी मुलगी ग्रोनिंगनला विद्यापीठात शिकवते. तिला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पोलिसाला घाबरलात की व्हायरसला?"

* * *

शरद ऋतूत पुन्हा दारं बंद झाली, तेव्हा जयंतने स्क्रीनवर सहल काढली. दर शनिवारी तो एक जागा दाखवायचा. कधी खाणकामगारांच्या घरांची लांबच लांब रांग, कधी डोंगरकड्यावरची पायवाट, कधी भट्टीचे अवशेष. फोटो, नकाशे, आणि त्याचं बोलणं.

पहिल्या शनिवारी कमलताईंचा चौकोन उघडला, तर अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, पायात बूट. शेजारी डबा.

"काकू, आपण घरीच आहोत," मिलिंद म्हणाला.

"प्रवास म्हणजे प्रवास. दशम्या केल्यात. तुम्हा सगळ्यांच्या दारात सकाळी ठेवून आले यांच्यासोबत."

खरंच माझ्या दाराच्या मुठीला पिशवी लटकत होती. मी आधी पिशवी दिवसभर बाहेर ठेवायचा विचार केला, मग लाज वाटून आत घेतली. जयंतने "इथे थांबू या" म्हटलं की सगळे आपापल्या घरी दशमी आणि चटणी खायचे. मनोहरराव फोटोतल्या बोगद्याचे लाकडी टेकू बघून म्हणायचे, "तो डावीकडचा बदला लवकर." शंभर वर्षांपूर्वीचा फोटो असायचा.

जयंत हार्लेमला, त्याच्या दारात पिशवी कशी पोचणार? तो चहात बिस्किट बुडवायचा. एका शनिवारी तो खोकत खोकत बोलला. "पोलनची ॲलर्जी असेल," म्हणाला. नोव्हेंबरमध्ये फुलांचं कसलं पोलन.

हॉस्पिटलमधून त्याचा मेसेज आला: "सहल थांबवू नका. पुढचा डोंगर मिलिंद दाखवेल. मनोहररावांना टेकूंना हात लावू देऊ नका."

त्यानंतर मेसेज आला नाही.

* * *

जयंतच्या अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती. आम्हाला लिंक आली. मी काळा सूट घातला, टाय बांधला, आणि स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर उभा राहिलो. बसणं बरोबर दिसलं नसतं. फोनवर मिलिंद आणि पोहरकर दांपत्य जोडलेले होते.

पडदा उघडला. पेटी, पांढरी फुलं, पियानो. समोर दोनच माणसं. आम्ही हात जोडले. कमलताई हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या. बराच वेळ गेला. मग एक गृहस्थ उठले आणि डचमध्ये आपल्या आत्याबद्दल बोलायला लागले. तिला मांजरं कशी आवडायची, ती किती वर्षं एकटी राहिली.

आधीच्या बाईंचा विधी लांबला होता. आमचा अजून सुरूच झाला नव्हता.

"काका, बंद करायचं का?" मिलिंदने कुजबुजत विचारलं.

कोणीच बंद केलं नाही. मध्येच उठून जाणं कसं दिसेल? आम्ही त्या आत्याबाईंना शेवटपर्यंत पोचवलं.

"बरं झालं," कमलताई म्हणाल्या. "दोघंच होते बिचारीला."

मग जयंत आला. तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो.

* * *

पुढच्या हिवाळ्यात मनोहरराव जिन्यात चक्कर येऊन पडले. हृदयाचे ठोके मंदावले होते. पेसमेकर बसवायचं ठरलं. हॉस्पिटलमध्ये सोबत कोणालाही आत सोडत नव्हते. कमलताई घरी जायला तयार होईनात. बाहेर सायकली लावायच्या छपराखाली, थंडीत, त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. मी आणि मिलिंद थोड्या अंतरावर.

"काकू, दुपार झाली. दोन घास खा ना."

"ते वर आले की खाईन."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. शस्त्रक्रिया तिसऱ्या मजल्यावर चालली होती. मी नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी नर्सने फोन करून सगळं ठीक असल्याचं कळवलं. तेव्हा कमलताईंनी डबा उघडला. भाजी गारठून थिजली होती. त्यांनी सगळी संपवली.

घरी आल्यावर मनोहरराव सगळ्यांना शर्टाच्या वरूनच ती जागा दाखवायचे. "आतमध्ये बॅटरी आहे. वर्षानुवर्षं चालते म्हणे. मी बंद पडेन, पण ही चालू राहील." कमलताई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

व्हिसा एकदा संपला होता, तो पुन्हा काढला. सगळं मोकळं झालं त्या उन्हाळ्यात एका रात्री बोटीत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी मिलिंदची गाडी वेल्सच्या खोऱ्यात उतरली. पाच जणांचं ठरलं होतं, गेलो चौघं. मागच्या सीटवर मधली जागा रिकामी होती. तिथे कोणीच सामान ठेवलं नाही.

* * *

पहिल्या दिवशी डोंगर. जयंतने स्क्रीनवर दाखवलेला, कोळशाच्या ढिगाऱ्याचा झालेला. हिरवागार, मेंढ्या चरणारा. मी प्रत्येक मेंढीला वळसा घालत होतो. मिलिंद धापा टाकत होता. कमलताई सगळ्यांच्या आधी माथ्यावर.

"काकू, दमला नाहीत?"

"टिलबर्गचा पूल याच्यापेक्षा वाईट होता."

खाली खाणकामगारांच्या घरांची रांग दिसत होती. त्यातलं एक घर जुन्या वस्तूंनी सजवून बघायला ठेवलेलं. आत गेल्यावर कमलताई बराच वेळ चुलीपाशी उभ्या राहिल्या. मग पुढे झाल्या आणि किटलीचं तोंड भिंतीकडे वळवलं.

तिथल्या बाई धावत आल्या. हात लावायचा नाही म्हणाल्या.

"मुलं भाजतात अशानं," कमलताई मराठीतच म्हणाल्या. त्या बाईंना काय कळलं कोण जाणे. पण आम्ही निघालो तेव्हा किटलीचं तोंड भिंतीकडेच होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी खाण. मी खाली जाणार नव्हतोच. मला बंद लिफ्टसुद्धा सोसत नाही. बाकीच्यांना हेल्मेट आणि दिवे मिळाले. वाटाड्या तिथलाच जुना खाणकामगार. त्याने एक ट्रे पुढे केला. जमिनीखाली वायू असू शकतो, एका ठिणगीने घात होतो. म्हणून या खास दिव्यांखेरीज बॅटरीवर चालणारं काहीही न्यायचं नाही. फोन, घड्याळ, गाडीची किल्ली, सगळं इथे ठेवा.

मिलिंदने फोन ठेवला. कमलताईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं. मनोहररावांनी फोन ठेवला, घड्याळ ठेवलं, आणि मग हेल्मेट काढून तेही ठेवलं. छातीवर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले, "इथे अजून एक आहे. ही काढता येत नाही."

वाटाड्याने ट्रे खाली घेतला. मग फार हळू आवाजात म्हणाला, "सॉरी, सर."

"सॉरी काहून? बरोबर आहे तुमचं. मी पण नसतं सोडलं."

कमलताई नवऱ्याकडे पाहत होत्या. "तुम्हाला माहीत होतं."

"तीस वर्षं लोकांचे खिसे तपासले मी, कमल."

"घरी का नाही सांगितलं?"

"तू आली नसतीस."

मनोहररावांनी ट्रेमधलं कमलताईंचं घड्याळ उचलून स्वतःच्या मुठीत घेतलं. "जा. मिलिंद, काकूंच्या पुढे चाल. डोकं खाली ठेव म्हणावं."

खाणीत उतरणाऱ्या लिफ्टच्या पिंजऱ्याचं दार लागलं. वरचं मोठं चाक फिरायला लागलं.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. त्यांच्या मांडीवर कमलताईंनी भरलेला डबा. समोर हिरवे डोंगर, झिमझिम पाऊस. चाक हललं की मनोहरराव अर्धवट उठायचे. दुसरीच माणसं बाहेर यायची, ते पुन्हा बसायचे.

"थोडं खाऊन घ्या," मी म्हटलं. "तुमच्या गोळीची वेळ झाली."

"ती वर येऊ दे."

मी काळजीच्या कामात मुरलेला माणूस. पण त्या दिवशी मला माझी काळजी त्यांच्यापुढे लहान वाटली. त्यांचा हात घड्याळावर घट्ट आवळलेला होता.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "इतका वेळ लागतो का हो?"

"ते तुम्हाला माहीत असणार."

"मला कसं?" ते चाकाकडे पाहत राहिले. "मी कधी वर थांबलोच नाही."

चाक पुन्हा फिरलं, थांबलं. दार उघडलं. आधी मिलिंद बाहेर आला, चेहरा उतरलेला. त्याच्या मागे कमलताई. हेल्मेट तिरकं, पदर कमरेला खोचलेला, नाकाच्या शेंड्यावर काळा डाग.

मनोहरराव उभे राहिले. घड्याळ पुढे केलं.

"काय होतं खाली?"

कमलताईंनी घड्याळ मनगटावर चढवलं. बाकावर बसल्या, डबा उघडला, एक दशमी काढून त्यांच्या हातात दिली.

"काही विशेष नाही हो," त्या म्हणाल्या. "नुसता अंधार."