विरोध कोणाचा, तेही लिहा

आमच्या ऑफिसात एक वही होती. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरवरची. पण आमचे टीमप्रमुख सर तिला वहीच म्हणायचे, म्हणून आम्हीही. द्वारका चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर बसून आम्ही सहाजण कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. त्याची रचना ठरवताना जो मोठा निर्णय होई, तो वहीत जाई. काय ठरलं, दुसरं काय करता आलं असतं, ते का नाही केलं, त्या दिवशी हजर कोण होतं. शेवटची ओळ सक्तीची: विरोध कोणाचा आणि का.

सर मूळचे त्र्यंबकचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या उपाध्येपण. यजमान आला की गाव, आडनाव विचारायचं, नामावळीची बाडं सोडायची आणि त्याचे पणजोबा इथे येऊन गेल्याचं त्यांच्याच सहीनिशी दाखवायचं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. "नातू आला म्हणून आजोबांची सही खोडतात का?" ते म्हणायचे. "खाली त्याची घ्यायची." आमच्या वहीलाही तोच नियम. निर्णय बदलला तर जुना तसाच ठेवायचा आणि त्याखाली नवा लिहायचा.

मी टीममधली सगळ्यात लहान आणि सगळ्यात तोंडाळ. काम तासाभराचं आणि त्याची पोथी दोन तासांची, अशी त्यांची टर उडवायचे. सर शांतपणे विचारायचे, "हेही लिहू का?" आणि कधीकधी खरंच लिहायचे. एका नोंदीत 'चर्चा इथे थांबली, मिसळ आली' असं होतं. त्यावर मी आठवडाभर हसत होते.

मग एका सकाळी ऑफिसला निघता निघता सर घरातच कोसळले आणि गेले. त्यांची खुर्ची बरेच दिवस कोणी हलवली नाही. पुढे प्रोजेक्ट माझ्याकडे आला. दोनेक वर्षांनी सगळा कारभार नव्या सर्व्हरवर हलवायचा ठरला, तेव्हा वही नीटनेटकी करायचं मी मनावर घेतलं. रद्द झालेले निर्णय काढले. हजेरी काढली, विरोध काढला, मिसळ काढली. उरलेलं माझ्या शब्दांत एका साच्यात बसवलं. किती सुटसुटीत झालं, असं सगळे म्हणाले आणि मीही खूश झाले. जुनं मशीन मूळ वहीसकट भंगारात गेलं.

काय करून बसले ते काही महिन्यांनी कळलं. दुपारची वेळ होती, एका गुंत्यात अडकले होते. सरांनी असं काही कसं सोडवलं असतं ते बघावं म्हणून वही उघडली, तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मीच बोलत होते. काय ठरलं ते सगळं होतं. ठरवण्याआधी सर कसे घुटमळायचे, स्वतःलाच कसे उलट प्रश्न विचारायचे, ते कुठेच नव्हतं. जुने मेल शोधले, घरातले पेनड्राइव्ह शोधले. काही मिळालं नाही. सरांचा आवाज मी माझ्या हाताने पुसला होता. हे मी कोणाला सांगितलं नाही, सांगायची लाज वाटली.

या वर्षी नव्या मुलांनी सिन्नरच्या कारखान्याचं काम हातात घेतलं. तिथे ट्रकचं वजन झालं की पावती आधी काट्यावरच्या मशीनमध्ये राहते आणि मग आमच्या सर्व्हरवर येते. हा मधला टप्पा कशाला, त्यांनी विचारलं. वहीत माझ्या शब्दांत एवढंच होतं: 'कारण: नेटची अडचण.' आता नेट उत्तम आहे, मग काढूया का?

"चाललंय ना? मग कशाला हात लावता?" मी खेकसलेच. मलाच कळेना, मी एवढी का चिडले. सरांचं उरलंय त्यातलं आणखी एक जाणार, याचाच तो राग होता. शेवटी म्हटलं, मी स्वतः जाऊन बघते.

काट्याच्या केबिनमध्ये सुरुवातीपासूनचेच ऑपरेटर काका होते. "या मॅडम, लय दिवसांनी," म्हणत त्यांनी मशीनचं लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. वहीतलं एक पान, छापलेलं.

"हे कोणी लावलं?"

"सरांनीच. म्हणले, कोणी इचारलं का असं का केलं, तर हे दाखवायचं. काढायचं नाय. मी बी नाय काढलं."

मी उभ्या उभ्या वाचलं. नेट दिवसातून किती वेळा जातं, ट्रक रांगेत कसे खोळंबतात, ड्रायव्हर काय काय बोलतात. अगदी सरांचं घुटमळणं, जसंच्या तसं. आणि शेवटची ओळ: 'विरोध: आमच्यातली सगळ्यात लहान. तिला ही दुहेरी भानगड वाटते. तिचं म्हणणं खरं आहे, फक्त आज नाही. नेट सुधारलं की तिला विचारून हे बदलावं.'

काकांनी पाणी पुढे केलं. आपण कधीकाळी विरोध केला होता, हेसुद्धा मी विसरले होते. तेही मीच काढून टाकलेलं.

कागद पर्समध्ये घालून घरी न्यावा असं फार वाटलं. काकांना विचारलंही. "फोटो काढा मॅडम," ते म्हणाले, "पण राहू द्या इथंच." मी फोटो काढला.

ऑफिसात परत आल्यावर मुलांना सांगितलं, काढा तो टप्पा. मग वही उघडली. सरांची नोंद फोटोवरून अक्षर न अक्षर उतरवली आणि तिच्याखाली नवी लिहिली. काय ठरलं, का ठरलं, हजर कोण. शेवटच्या ओळीशी थांबले आणि मग लिहिलं: 'विरोध: माझा. बदलण्यात चूक काहीच नाही. मला विचारायला सर हवे होते.'